ब्राउझरमधलं खातं कुणाचं? लातूरच्या एका कर सल्लागार कार्यालयातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कार्यालय लातूर शहरातलं. गिऱ्हाईक बहुतेक आडत दुकानदार, डाळमिलवाले, खत-बियाण्यांचे विक्रेते आणि थोडेफार सरकारी कामं घेणारे ठेकेदार. कार्यालयाचं नाव आणि माणसांच्या ओळखी मी गाळल्या आहेत. तिथले संगणक आणि नेटवर्क मी सांभाळतो. काही अडलं की फोन मलाच येतो, त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे.

संगणक नऊ. चारांवर विंडोज १० प्रो, तिनांवर विंडोज ११ होम आणि दोन जुन्यांवर विंडोज ७. सगळे क्रोम वापरायचे. जीएसटीची विवरणपत्रं, आयकर, ई-वे बिल, चलनं, बँकेची पानं, सगळं काम ब्राउझरमध्येच. कोपऱ्यातल्या टेबलावर एकजण ठेकेदारांच्या ई-निविदा भरायचा. प्रत्येकाच्या विंडोज खात्याला ॲडमिनचे पूर्ण अधिकार होते, कारण डिजिटल सहीच्या टोकनचा (सही साठवलेल्या यूएसबी उपकरणाचा) ड्रायव्हर टाकायला ते लागतात आणि दर वेळी मला बोलवायला कुणाला वेळ नसतो.

या धंद्यात तारखा ठरलेल्या असतात. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० तारखेला जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरणपत्र), आणि २०२४ साली जुलैत त्यावर ३१ तारखेच्या आयकर विवरणपत्रांचा ढीग. ३बी चुकलं की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क गिऱ्हाइकाच्या माथी बसतं, आणि त्याचा राग कार्यालयावर निघतो. म्हणून इथे काम अडवणारी कुठलीही सेटिंग फार दिवस टिकत नाही. कुणीतरी ती सैल करतं, काम उरकतं, आणि ती तशीच सैल राहते.

अडचण

शुक्रवार, १२ जुलै २०२४. आदल्या दिवशी जीएसटीआर-१ ची तारीख संपली होती. कार्यालयातल्या ज्येष्ठ ताईंचा फोन आला.

"दादा, खाली उजवीकडं सारखं काहीतरी यायलंय. व्हायरस आलाय म्हणतंय, पैसे भरा म्हणतंय. अँटीव्हायरस दोनदा लावला, त्यात काहीच सापडत नाही."

सापडणार नव्हतंच. त्या सूचना कुठल्या व्हायरसच्या नव्हत्या, क्रोमच्या होत्या. कुठल्या तरी साइटनं सूचना दाखवायची परवानगी मागितली, कुणीतरी "ॲलाऊ" दाबलं, की ती साइट बंद केल्यावरही सूचना पाठवू शकते. परवानगी माणसानंच दिलेली असते, म्हणून अँटीव्हायरसला त्यात वावगं दिसत नाही. मी फोनवरच सेटिंगमधला परवानग्यांचा कप्पा उघडायला लावला, तीन अनोळखी साइट्स काढायला सांगितल्या आणि विषय संपला असं समजलो.

सोमवारी पुन्हा फोन. सूचना परत सुरू, आणि आता क्रोम उघडला की आपोआप नवी पानंही उघडत होती. त्यात ताईंनी एक गोष्ट सांगितली जी मला आधी कळायला हवी होती. याच संगणकाला जूनमध्ये असंच झालं होतं, तेव्हा बाजारातल्या एका दुकानातून तो फॉरमॅट करून आणला होता. दोन दिवस ठीक चालला आणि तिसऱ्या दिवशी तेच.

डिस्क कोरी करून, विंडोज नव्यानं टाकूनही दोष परत येतो, म्हणजे तो डिस्कवर नसून दुसरीकडून येत असला पाहिजे. मी एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, यादी उघडली. पीडीएफ फाइली जोडून देणारं एक एक्स्टेन्शन होतं, आणि त्याला "सगळ्या साइट्सवरची तुमची माहिती वाचणं आणि बदलणं" ही परवानगी होती. हे कुणी टाकलं? कुणीच नाही. सगळे शपथेवर सांगत होते आणि खरंच सांगत होते.

उत्तर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रात होतं. क्रोममध्ये एका जीमेल खात्यानं साइन इन केलेलं होतं आणि सिंक, म्हणजे एका खात्यावरच्या सगळ्या संगणकांवर सेटिंग, एक्स्टेन्शन आणि पासवर्ड सारखे ठेवणारी सोय, चालू होतं. ते खातं कार्यालयाचं आहे असं सगळे समजत होते. मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या कागदावर त्याचा पत्ता आणि पासवर्ड निळ्या शाईत लिहिलेला होता, कागदाचा एक कोपरा धुळीनं काळा पडलेला. खरं तर ते खातं २०२१ साली इथं काम करणाऱ्या एका मुलाचं स्वतःचं होतं. तेव्हा घाईत कुणाचं तरी खातं लागलं, त्यानं आपलं दिलं. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला, पण कागद जागेवरच राहिला. नव्या माणसांनी तोच वापरला, आणि बघता बघता तीन संगणक त्या एका खात्याला जोडले गेले.

आता धागा लागला. त्या मुलानं पुण्यात आपल्या लॅपटॉपवर ते एक्स्टेन्शन टाकलं. सिंकनं ते लातूरच्या तीन संगणकांवर आणून ठेवलं. फॉरमॅटनंतर ताईंनी कागदावरचं खातं पुन्हा घातलं की ते पुन्हा हजर. एक्स्टेन्शननं नको ती पानं उघडली, त्या पानांनी "तुम्ही माणूस आहात हे दाखवण्यासाठी ॲलाऊ दाबा" म्हटलं, आणि कामाच्या घाईत कुणीतरी दाबलं.

इथे माझ्या पोटात गोळा आला, कारण सिंकचा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. तिकडचं एक्स्टेन्शन इकडे येत असेल, तर इकडचं काय तिकडे गेलं होतं?

मी साठवलेल्या पासवर्डची यादी उघडली. २१४ नोंदी. गिऱ्हाइकांचे जीएसटीचे, आयकराचे, ई-वे बिलाचे पासवर्ड. काही ठिकाणी ईमेलचेही.

बुधवार, १७ जुलै: पाहणीचा दिवस

त्या वर्षी आषाढी एकादशी १७ जुलैला आली. कार्यालय बंद, अर्धे लोक पंढरपूरच्या वाटेवर. मी आणि सर, म्हणजे कार्यालयाचे मालक, असे दोघेच बसलो आणि नऊही संगणक एकेक करून पाहिले.

विंडोज ७ च्या दोन यंत्रांवर क्रोमची १०९ ही आवृत्ती होती. त्या विंडोजसाठी तीच शेवटची. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली तेव्हापासून या यंत्रांवरच्या ब्राउझरला सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळाली नव्हती. यावर चर्चेची गरज पडली नाही. जुन्या वर्षांचा टॅलीचा डेटा पाहण्यापुरती ती यंत्रं ठेवली आणि नेटची वायर काढून टाकली.

निविदांच्या टेबलावर वेगळंच दिसलं. कधी काळी सही चालावी म्हणून इंटरनेट ऑप्शन्समधली सुरक्षेची पट्टी अगदी खाली ओढलेली होती. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण त्याच्यासाठी केलेली ही ढिलाई विंडोजमध्ये मागे उरते, आणि एज या मायक्रोसॉफ्टच्या नव्या ब्राउझरच्या आयई मोडमध्ये (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पद्धतीनं) पान उघडलं तर तीच लागू होते. ज्या पोर्टलसाठी ती केली होती ते आता तसं चालतही नव्हतं.

पण त्या दिवशी सगळ्यात जास्त शिकवलं ते ताईंच्या एका सवयीनं. डिजिटल सहीसाठी संगणकावर एक छोटं सॉफ्टवेअर चालू ठेवावं लागतं. पोर्टलचं पान याच संगणकावरच्या त्या सॉफ्टवेअरशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतं. त्याचं प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, क्रोमला ओळखीचं नसलं की "तुमचं कनेक्शन खासगी नाही" असं लाल पान येतं. मग "ॲडव्हान्स्ड" दाबायचं, खालची "प्रोसीड"ची ओळ दाबायची, की सही होते. इथे तो इशारा ओलांडण्यात धोका नव्हता, कारण पत्ता त्याच संगणकाचा होता. पण दिवसातून दहा वेळा तसं केल्यावर हाताला वळण पडतं. ताईंनी मला आधी सांगितलं होतं, "लाल पान आलं की दोनदा दाबायचं असतं ना?" त्या लाल पानावरचा मजकूर त्यांनी कधी वाचलाच नव्हता. बँकेच्या नावाच्या बनावट साइटवर तसंच पान आलं असतं, तरी त्यांनी तसंच दोनदा दाबलं असतं. यात ताईंची चूक मला दिसत नाही. आम्हीच त्यांना तसं शिकवलं होतं.

पर्याय

संध्याकाळी चहा घेत आम्ही मार्ग मोजले.

पहिला मार्ग, एक्स्टेन्शन काढा, खातं साइन आउट करा आणि ३१ जुलैनंतर बघू. सरांचा कल इकडे होता. पासवर्ड बाहेर गेलेले असताना दोन आठवडे थांबणं मला पटत नव्हतं.

दुसरा, ठरवलेल्या साइट्स सोडून बाकी सगळं बंद. ऐकायला भक्कम. पण चलन भरताना पान पोर्टलवरून बँकेच्या, तिथून आणखी कुठल्या पत्त्यावर जातं. यादी कधीच पुरी होत नाही. २० तारखेला एखादं चलन अडलं की माणसं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्वतःचा लॅपटॉप जोडतील, आणि मग आमच्या हातात काहीच राहणार नाही.

तिसरा, गुगलची ब्राउझर एका जागेवरून सांभाळायची सोय. तिला शुल्क नाही, पण तिचं प्रशासक खातं उघडून नीट सांभाळणारं कुणीतरी हवं. आमचा सगळा घोटाळाच खातं न सांभाळल्याचा होता. तो मार्ग मी पुढे ढकलला.

चौथा, प्रत्येक संगणकावर क्रोमची धोरणं, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता न येणारे नियम, स्थानिक पातळीवर लावणं. विंडोज प्रोमध्ये ग्रुप पॉलिसी या नियम लावायच्या संपादकातून आणि होममध्ये तो संपादक नसल्यामुळे रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातून. हेच निवडलं.

दोन निर्णय यापेक्षा अवघड होते. पासवर्ड कधी बदलायचे? ठरलं असं की ईमेलचे पासवर्ड लगेच बदलायचे, कारण ईमेल हातात आलं की बाकी दारं उघडतात, आणि उरलेले ज्या गिऱ्हाइकाचं काम समोर येईल तसतसे. दुसरा प्रश्न, गिऱ्हाइकांना सांगायचं का? सर म्हणाले, "आत्ता सांगितलं तर शंभर फोन येतील, विवरणपत्रं राहतील. ३१ नंतर एकेकाला सांगू." मी मान डोलावली.

काय केलं

नियम फार नव्हते. एक्स्टेन्शनच्या बंदी यादीत फक्त तारांकन, म्हणजे सगळीच बंद, आणि परवानगीच्या यादीत दोनच नावं. ही यादी नावानं चालत नाही, प्रत्येक एक्स्टेन्शनच्या ३२ अक्षरी ओळखीनं चालते. त्यामुळे त्याच नावाचं नकली एक्स्टेन्शन घुसत नाही. सूचनांची परवानगी मुळातच नाकारली, म्हणजे कुठलीही साइट आता विचारणारच नाही. सिंक बंद.

क्रोमनं पासवर्ड साठवणंही बंद केलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे धोरण लावल्यावर नवे पासवर्ड साठत नाहीत, पण आधी साठलेले तसेच राहतात आणि भरलेही जातात. ते हातानं काढावे लागतात. पासवर्डसाठी कार्यालयात कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची कुलूपबंद फाइल सुरू केली. तिची किल्ली सर आणि ताई दोघांकडे.

लाल पानासाठी दोन रस्ते होते. त्या सॉफ्टवेअरचं प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत टाकणं, किंवा इशारा ओलांडायची मुभा सगळीकडे बंद करून फक्त १२७.०.०.१ पुरती ठेवणं. मूळ प्रमाणपत्रावर विश्वास टाकला की त्यातून निघालेल्या कुठल्याही प्रमाणपत्रावर विश्वास टाकल्यासारखं होतं. मी दुसरा रस्ता घेतला. आता इतर कुठेही लाल पान आलं तर "प्रोसीड"ची ओळच दिसत नाही.

हे सगळं गुरुवारी १८ तारखेला फक्त ताईंच्या संगणकावर लावलं. पत्त्याच्या पट्टीत "chrome://policy" टाकून प्रत्येक नियम खरंच लागला का ते पाहिलं. सरांना वाटत होतं की एका झटक्यात सगळीकडे करून मोकळं व्हावं. दुसऱ्याच दिवशी, १९ जुलैला, एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटनं जगभर विंडोजची यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. मायक्रोसॉफ्टनं तो आकडा ८५ लाखांच्या घरात सांगितला. सरांचा घाबरून फोन आला, "आपलं काही नाही ना यात?" आपल्याकडे ते सॉफ्टवेअरच नव्हतं. पण त्यानंतर एकेक संगणक घेत जाण्याबद्दल मला वाद घालावा लागला नाही. २० तारखेचं ३बी सुरळीत गेलं.

त्याच शनिवारी दुपारी तो मुलगा आला. आषाढीला गावाकडे आला होता. आल्या आल्या म्हणाला, "सर, मला खरंच माहीत नव्हतं." त्यानं मोबाइल टेबलावर ठेवून पासवर्डची यादी उघडली आणि अंगठ्यानं वर सरकवत राहिला. आडत, मिल, ट्रेडर्स, पुन्हा आडत, यादी संपेना. मधेच त्याच्या आईच्या बँकेचं नाव आलं, तो थांबला, पडदा हातानं झाकला. सरांनी नजर वळवली. कार्यालयाच्या सगळ्या नोंदी त्यानं आमच्यासमोर काढल्या, खात्यातून कार्यालयाचे तिन्ही संगणक काढले, पासवर्ड बदलला आणि दोन टप्प्यांची खातरजमा चालू केली. तरीही पासवर्ड बदलायचं काम आम्ही थांबवलं नाही. मुलावर संशय नव्हता, पण "सगळं वाचू शकणारं" ते एक्स्टेन्शन आमच्याच तीन संगणकांवर किती आठवडे चालू होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

जिथे अडलं

सोमवारी २२ तारखेला आणखी तीन संगणकांवर नियम लावले. त्यात निविदांचं टेबल होतं. मंगळवारी दुपारी २ वाजून २० मिनिटांनी फोन. निविदा भरायची मुदत ३ वाजता संपत होती आणि सही होत नव्हती.

त्या निविदेच्या सहीचं सॉफ्टवेअर वेगळं होतं. ते १२७.०.०.१ ऐवजी "लोकलहोस्ट" या नावानं बोलायचं. माणसाच्या दृष्टीनं दोन्ही एकच, ब्राउझरच्या दृष्टीनं दोन निराळे पत्ते. माझ्या अपवादात एकच होता. लाल पान आलं आणि पुढे जायची ओळ गायब.

खरं कारण मला त्या क्षणी कळलं नव्हतं. हातात ४० मिनिटं होती. मी दुरून संगणक उघडला, ॲडमिन खात्यानं इशाऱ्याचा तो एकच नियम पूर्ण काढला, क्रोम बंद करून उघडायला लावला. २ वाजून ४८ मिनिटांनी निविदा गेली. दुसऱ्या दिवशी शांतपणे कारण शोधलं, दुसरा पत्ता अपवादात घातला आणि नियम परत लावला. नियम काढला हे मी वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून तो परत लागला. पूर्वी असे अपवाद फक्त डोक्यात असायचे.

चूक माझी. पाहणीच्या दिवशी कार्यालय बंद होतं, मी संगणक पाहिले, माणसांशी बोललो नाही. निविदांचं काम करणाऱ्याला "तू दिवसभर कुठली पानं उघडतोस, जरा करून दाखव" इतकं विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

दुसरी गोष्ट याहून जिव्हारी लागली. २५ तारखेला एका डाळमिलच्या मालकाला पासवर्ड बदलल्याचा मेसेज गेला. ते तडक कार्यालयात आले. "माझा पासवर्ड कुणी बदलला, अन् मला कामून नाही सांगितलं?" सरांनी त्यांना केबिनमध्ये बसवून सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हे तुम्ही आधी फोन करून सांगितलं असतं तर मी इथवर आलोच नसतो." त्या संध्याकाळपासून पासवर्ड बदलायच्या आधी गिऱ्हाइकाला फोन करायचा असं ठरलं. शंभर फोन आले नाहीत. बहुतेकांनी "बरं केलं" एवढंच म्हटलं.

परिणाम

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सातही चालू संगणकांवर नियम लागले. रोजच्या कामाची खाती साध्या अधिकारांची केली, टोकनचे ड्रायव्हर आधीच टाकून ठेवले, ॲडमिनचं खातं वेगळं. सूचना बंद झाल्या. २१४ पैकी चालू गिऱ्हाइकांचे सगळे पासवर्ड महिनाअखेर बदलून झाले, बंद पडलेल्या फर्मचे काढून टाकले. कुणाचा पैसा गेला नाही, कुणाच्या खात्यात परकं विवरणपत्र भरलं गेलं नाही.

अपवादांची वही चालू आहे. कुठला संगणक, कुठली साइट, कशासाठी, कुणी मागितलं, परत कधी बघायचं. पहिल्या वर्षात तिच्यात अकरा नोंदी झाल्या आणि त्यातल्या चार पुन्हा खोडल्या.

आता असतं तर

१२ तारखेला फोनवर परवानग्या काढायला सांगून मी मोकळा झालो, ते आता करणार नाही. "हे आधी कधी झालं होतं का?" हा प्रश्न तेव्हाच विचारला असता तर तीन दिवस वाचले असते. गिऱ्हाइकांना त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. सरांच्या म्हणण्याला मी मान डोलावली, तिथे आग्रह धरायला हवा होता. आणि त्या मुलानं नोकरी सोडली त्या दिवशी त्याचं खातं तिन्ही संगणकांवरून काढायला हवं होतं. चाव्या परत घेतल्या जातात, तसंच.

पण मुळाशी जायचं तर प्रश्न असा की गिऱ्हाइकाचे पासवर्ड कार्यालयाकडे हवेतच कशाला? जीएसटीच्या पोर्टलवर व्यापारी नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरला नेमू शकतो. मग प्रॅक्टिशनर स्वतःच्या लॉगिननं विवरणपत्र तयार करतो आणि व्यापारी ते मान्य करतो. आयकरातही ई-रिटर्न मध्यस्थ म्हणून नोंदणी करून गिऱ्हाईक जोडता येतात. या सोयी आमच्यासमोर आधीपासून होत्या. सरांनी ऑगस्टपासून नव्या गिऱ्हाइकांसाठी हीच पद्धत ठेवली आणि जुन्यांना एकेक करून तिकडे वळवायला सुरुवात केली.

सगळे वळले नाहीत. लातूरच्या गंजगोलाई बाजारातले एक म्हातारे आडतदार आहेत. ताईंनी त्यांना दोनदा समजावलं, नवा पासवर्ड कागदावर लिहून हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत ताईंच्या टेबलावर ठेवला. "पोरी, मी कुठं ठेवू हे? तुझ्याजवळच राहू दे." तो कागद ताईंनी त्यांच्यासमोर फाडला, पासवर्ड कीपासमध्ये त्यांच्या नावावर घातला आणि वहीत बारावी नोंद केली.